कोनशिला आणि घरपट्टी

रत्नागिरीचं वाचनालय 1828 सालचं. अहमदनगरचं 1838, नाशिकचं 1840, कोल्हापूरचं 1850, सावंतवाडीचं 1852, सोलापूरचं 1853. चिपळूण आणि कल्याण 1864. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी 1853 साली सुटली. म्हणजे यातली बहुतेक वाचनालयं महाराष्ट्रात रुळांच्या आधी आली. रत्नागिरीकरांना आगगाडीसाठी 1990चं दशक उजाडेपर्यंत थांबावं लागलं. तोवर त्यांचं वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं झालं होतं.

या यादीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पण वाचनालयांच्या शताब्दीच्या, शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिका चाळल्या की एक गोष्ट खटकते. संस्थापकांची नावं असतात, कोनशिला कुणाच्या हस्ते बसली ते असतं, कुठल्या संस्थानिकाने जागा दिली, कुठल्या शेठजींनी सभागृहाला आईचं नाव द्यायच्या अटीवर देणगी दिली, हेही असतं. पावसाळ्याआधी कौलं कोण शाकारायचं आणि त्याचे पैसे कुठून यायचे, हे मात्र नसतं. ग्रंथपालाचा पगार किती होता तेही बहुधा नसतं. वाचनालयाच्या इमारतीचा इतिहास आपण देणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला. ती इमारत दर महिन्याला चालवायची जबाबदारी कायद्याने कुणाची, हा प्रश्न बाजूलाच राहिला. माझं म्हणणं एवढंच आहे की छोट्या शहरातल्या वाचनालयाच्या वास्तूचं खरं दुखणं इथे आहे. ते देणगीने बरं होत नाही आणि सरकारी अनुदानानेही होत नाही. गावाने स्वतःवर कर लावून घ्यावा लागतो.

कर म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडतात. म्हणून आधी अशा एका माणसाकडे जाऊ ज्याच्याकडे देणगीला पैसा भरपूर होता, आणि तरीही जो कराची अट घातल्याशिवाय वीट रचू देत नसे.

अँड्र्यू कार्नेगी 1835 साली स्कॉटलंडमधल्या डन्फर्मलिन या विणकरांच्या गावात जन्मला. बाप हातमागावर तागे विणायचा. त्याने आणि त्याच्यासारख्या काही विणकरांनी आपापली पुस्तकं एकत्र करून गावात एक छोटं वाचनालय चालवलं होतं. वाफेच्या मागाने हातमाग मोडला आणि 1848 साली हे कुटुंब अमेरिकेत पिट्सबर्गशेजारच्या अॅलेगेनीला गेलं. पोरगा तारखात्यात निरोप्या झाला. तिथे कर्नल जेम्स अँडरसन नावाचे एक गृहस्थ आपली सुमारे चारशे पुस्तकं कामकरी पोरांना शनिवारी घरी न्यायला देत. पुढे त्या संग्रहाचं रीतसर वाचनालय झालं, नियम आले. कुठल्या तरी धंद्यात करार करून उमेदवारी करणाऱ्या पोरांना पुस्तक फुकट, बाकीच्यांना वर्षाला दोन डॉलर. निरोप्या पोरगा बाकीच्यांत पडला. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहून भांडण काढलं आणि नियम बदलून घेतला.

हा प्रसंग कार्नेगीच्या दानशूरपणाची प्रस्तावना म्हणून नेहमी सांगितला जातो. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. दान देणारा माणूस सज्जन होता, हेतू चांगला होता, पुस्तकं खरोखर कामगारांसाठी होती. तरीही दाराशी कोणाला अडवायचं, हे ठरवण्याचा अधिकार त्या दारामागच्या मंडळींकडेच होता. पोराला पत्र लिहून विनंती करावी लागली, कारण हक्क म्हणून मागायला त्याच्याकडे काही नव्हतं.

पुढे पोलादाचा धनी झाल्यावर त्याने पहिलं वाचनालय बांधलं ते डन्फर्मलिनलाच. 1881 साली त्याच्या आईच्या हातून कोनशिला बसली, 1883 साली दार उघडलं. दरवाजावर उगवत्या सूर्याचे किरण कोरले. इथपर्यंत सगळं आपल्याकडच्यासारखंच. फरक पुढे आहे. इमारत मी देतो, पण शहराने ग्रंथालय कायदा स्वीकारून कर लावावा आणि पुस्तकं, पगार, दुरुस्ती त्यातून करावी, अशी अट होती. अमेरिकेत त्याचं सूत्रच झालं. जागा गावाने द्यायची आणि इमारतीच्या खर्चाच्या 10 टक्के रक्कम दरवर्षी सार्वजनिक पैशातून द्यायचं लिहून द्यायचं. दहा हजार डॉलरची इमारत हवी, तर वर्षाला हजार डॉलरचा ठराव आधी पाठवा. त्याचे चिटणीस जेम्स बर्ट्रम या बाबतीत मोठे खडूस होते. आलेल्या नकाशावरचे खांब, शेकोट्या, शोभेचे जिने ते खोडायचे. एका टेबलाशी बसलेल्या एका ग्रंथपालाला सगळं वाचनालय दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह, कारण दुसऱ्या माणसाचा पगार छोट्या गावाला झेपणार नाही हे त्यांना कळत होतं. 1911 साली त्यांनी वास्तुरचनेचं टिपणच छापलं. आपल्याकडे सभागृहाच्या कमानीवर पैसे संपतात आणि मग मांडण्यांसाठी दुसरं आवाहनपत्रक निघतं, तेव्हा मला या बर्ट्रमसाहेबांची आठवण होते.

अशा सुमारे अडीच हजार इमारती जगभर उभ्या राहिल्या, त्यांतल्या सोळाशेहून अधिक अमेरिकेत, आणि त्याही बहुतांशी लहान गावांत. सगळीकडे हारतुरे मिळाले असं नाही. 1892 साली होमस्टेडच्या कार्नेगीच्या कारखान्यातला संप बंदुकांनी मोडला गेला, माणसं मेली. त्यानंतर वाचनालय नको, मजुरी द्या, असं म्हणणारे कामगार होते आणि त्यांचं चुकत नव्हतं. दोनशेहून अधिक गावांचा पत्रव्यवहार इमारतीपर्यंत पोचलाच नाही. त्यांतल्या काहींना फुकटची इमारत हवी होती, पण दरवर्षीचा कर नको होता. काही गावांनी ठराव केला आणि नंतर शब्द पाळला नाही. अट घातली की ती आपोआप पाळली जाते, असं मी म्हणत नाही. पण अट असल्यामुळे शब्द मोडला हे निदान दाखवता येत होतं.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं राहिलं नाही, कारण एका मराठी माणसाने ते डोळ्यांनी पाहिलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड 1906 साली अमेरिकेत हिंडून आले. त्याच सुमारास त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. शाळेतून बाहेर पडलेलं पोर पुढे वाचणार काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. 1910 साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. बॉर्डन 1913 साली परत गेले, पण तेवढ्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या, ग्रंथपालांचे वर्ग आणि इंग्रजी, गुजराती, मराठी अशा तीन भाषांतलं नियतकालिक एवढा पसारा उभा राहिला.

त्या पसाऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती हिशेबाची पद्धत. गावाने जेवढे पैसे जमवले तेवढेच प्रांत पंचायतीने घालायचे आणि तेवढेच सरकारने. इमारतीलाही हाच नियम. एक तृतीयांश लोकांचा, एक तृतीयांश स्थानिक सत्तेचा, एक तृतीयांश राज्याचा. महाराज एकटेच सगळं देऊ शकले असते. तसं करून कोनशिलेवर एकटंच नाव कोरणारे राजे काही कमी नव्हते. पण तिघांचा वाटा असला की तिघांना हिशेब विचारता येतो, आणि तिघांतला कुणी मागे सरला तर बाकीच्या दोघांना ते दिसतं. राजेशाहीत जन्मलेली ही व्यवस्था आपल्या लोकशाहीतल्या व्यवस्थेपेक्षा जास्त लोकांची होती, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

कोल्हापूर संस्थानाने 1945 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातला तो पहिला. म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळी मराठी मुलखाकडे एक कायदा होता आणि बडोद्याचा चालता अनुभव होता. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने ग्रंथालयांचा विचार करायला फैजी समिती नेमली होती, तिचा अहवालही हाताशी होता. पुढे झालं ते असं. सरकारने नवी सार्वजनिक ग्रंथालयं उभी करण्याऐवजी जुन्या संस्थांना दर्जा द्यायचा आणि अनुदान द्यायचं, असा मार्ग धरला. 1967 साली महाराष्ट्राचा कायदा झाला, तेव्हा त्यात ग्रंथालय कराची तरतूदच ठेवली नाही. ग्रंथालय निधीत सरकार दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालील, एवढं लिहिलं.

मद्रासने 1948 सालीच घरपट्टीवर ग्रंथालय उपकर आणला होता. आंध्रात, कर्नाटकात, केरळात तो आहे. गोव्याने तर 1993च्या कायद्यात मद्यावर अधिभार लावून वाचनालयांची सोय केली. गोवेकरांच्या व्यवहारज्ञानाला दाद द्यावी तेवढी थोडी. महाराष्ट्रात मात्र नगरपालिकेच्या बिलात शिक्षण कर असतो, रोजगार हमी कर असतो, वृक्ष कर असतो, अग्निशमनाचा कर असतो. ग्रंथालयाचा रकाना नाही. नगरपरिषदांच्या 1965च्या कायद्यात वाचनालय हे ऐच्छिक कामांच्या यादीत, बागा आणि धर्मशाळांच्या शेजारी बसलं आहे. पुढे राज्यघटनेच्या दुरुस्त्या झाल्या, तेव्हा पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत ग्रंथालयांना स्वतंत्र नोंद मिळाली. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत ती नाही. म्हणजे कागदावर खेड्याला वाचनालय आहे आणि तालुक्याच्या गावाला ते मर्जीवर आहे.

कराऐवजी अनुदान आलं. अनुदानाची तक्रार रकमेची आहेच. ड वर्गातल्या, म्हणजे सरकारी दर्जांत सर्वांत खालच्या, ग्रंथालयाला 2022 पर्यंत वर्षाला 30 हजार रुपये मिळत होते. त्यात पगार, पुस्तकं, वीजबिल, वर्तमानपत्रं सगळं भागवायचं. नंतर रक्कम वाढली, पण महिन्याच्या हिशेबाने भागाकार करून पाहा म्हणजे ग्रंथपाल बाई दुपारी शिकवण्या का घेतात ते कळेल. तरी रकमेपेक्षा मला दिशा जास्त अडचणीची वाटते. अनुदान वरून येतं, म्हणून हिशेबही वरच जातो. 2012 साली राज्यभर पडताळणी झाली, कागदावरची ग्रंथालयं सापडली, आणि त्यानंतर अनेक वर्षं नवी मान्यता व दर्जावाढ बंद राहिली. चोर सापडले याचा आनंद आहे. पण गावात वाचनालय नाही हे गावाला ठाऊक असताना ते शोधायला महसूल खात्याची माणसं यावी लागली, यातच सगळं आलं. गावाच्या खिशातून पैसा जात नव्हता, म्हणून गावाने विचारलं नाही.

इथे एक जुना संदर्भ मला टाळता येत नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखानेही, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्याच्या आधारावर चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून 1927चा सत्याग्रह झाला. तळं नगरपालिकेचं की काठावरच्या सवर्ण घरमालकांचं, यावर पुढे खटला चालला आणि 1937 साली उच्च न्यायालयात तो डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला. घटनेच्या पंधराव्या कलमातही हीच वाट दिसते. पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून चालणाऱ्या जागी कुणाला अडवता येणार नाही.

वाचनालयांच्या इतिहासाला हे लावून पाहिलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकातली आपली वाचनालयं वर्गणीदारांची होती. वर्गणी भरणारे बहुधा वकील, मामलेदार, मास्तर, सावकार, म्हणजे गावातली ठरावीक घरं. नावात ‘नेटिव्ह जनरल’ असलं तरी त्या ‘जनरल’मध्ये कोण बसत होतं हे सांगायची गरज नाही. बाया तर त्यात पुष्कळ नंतर आल्या. आंबेडकरांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालयं काढण्याचं कलम घालावं लागलं. गावोगावी ‘सार्वजनिक’ वाचनालयं असताना वेगळी का काढावी लागली, याचं उत्तर शताब्दीच्या स्मरणिकांत सापडणार नाही. कर हा यावरचा एकमेव उपाय नव्हता, हे मान्य. पण ज्याच्या पैशात आपला पैसा आहे त्याच्या उंबरठ्यावर भांडता येतं. दुसऱ्याच्या देणगीवर उभ्या असलेल्या उंबरठ्यावर फार तर विनंती करता येते.

आता इमारतीकडे येतो. उत्पन्न नसलेल्या संस्थेकडे गावाच्या मध्यावर, बाजाराच्या तोंडाशी जागा असते. पुढचं कुणीही सांगू शकेल. तळमजल्यावर गाळे निघतात. आधी दोन, मग रांगभर. वाचनालय पहिल्या मजल्यावर चढतं आणि गुडघे दुखणारे वाचक खालीच राहतात. सभागृह साखरपुड्याला, साड्यांच्या सेलला भाड्याने जातं. मग एके दिवशी बांधकाम व्यावसायिक नकाशा घेऊन येतो, जुनी दगडी वास्तू पाडून चार मजले, वरचा तुमचा. कार्यकारिणीतली माणसं वाईट नसतात. वीजबिल भरायचं असतं. पण गाळ्यांचं भाडं वर्गणीच्या कितीतरी पट झालं की ती कार्यकारिणी मुळात घरमालक होते, वाचनालय तिचं एक भाडं न देणारं बिऱ्हाड उरतं. वारसा म्हणून वास्तू वाचवा अशी ओरड तेव्हा होते. ओरडणाऱ्यांतल्या किती जणांनी त्या वर्षाची वर्गणी भरली होती, हे विचारायचं मी टाळतो.

वास्तूच्या पावित्र्याबद्दलही माझं मत जरा सैल आहे. अमेरिकेत कार्नेगीच्या पहिल्या, ब्रॅडॉकच्या वाचनालयात कामगारांसाठी न्हाणीघर आणि बिलियर्ड होते. आज आपल्याकडे जुन्या सभासदांना अभ्यासिका खुपते. स्पर्धा परीक्षेची पोरं कादंबरी वाचत नाहीत, स्वतःचीच पुस्तकं आणतात, पंखे दिवसभर चालू ठेवतात. चालू ठेवू देत. सकाळी सातपासून रात्रीपर्यंत त्या इमारतीचा उपयोग करणारे तेवढेच आहेत, आणि घरी दोन खोल्यांत टीव्ही चालू असताना त्यांना जायला गावात दुसरी जागा नाही.

चिपळूणचं उदाहरण वेगळं आहे. 1864 सालच्या त्या वाचनालयाने, आजच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने, जानेवारी 2013 मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं यजमानपद घेतलं. त्याआधी 2005च्या पुरात आणि नंतर 22 जुलै 2021च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं, हजारो पुस्तकं लगदा झाली. दोन्ही वेळा संस्था उभी राहिली, महाराष्ट्रभरातून मदत गेली. मराठी माणूस पुस्तकांसाठी धावतो, हे खरंच आहे. पण पुरानंतर येणारी मदत पुस्तकांची आणि कौतुकाची असते. मांडण्या पुढच्या पावसाळ्याआधी वरच्या मजल्यावर न्यायच्या, दुर्मीळ ग्रंथांची छायांकित प्रत करून दुसऱ्या गावी ठेवायची, विमा उतरवायचा, दरवर्षी हप्ता भरायचा, या कामांना कुणी देणगीदार मिळत नाही, कारण विम्याच्या हप्त्यावर नाव कोरता येत नाही.

कराच्या विरोधात सर्वांत वजनदार आक्षेप असा की पैसा नगरपालिकेत गेला की परत येणार नाही. कर्नाटकात महापालिका ग्रंथालय उपकर गोळा करतात आणि ग्रंथालय खात्याला वेळेवर देत नाहीत, थकबाकी वर्षानुवर्षं वाढते. हा आक्षेप मी झटकत नाही. शिवाय नगरसेवकाचा भाचा ग्रंथपाल होईल, खरेदीत एकाच प्रकाशकाचे गठ्ठे येतील, ही भीतीही खोटी नाही. जुन्या संस्थांनी सत्तेपासून अंतर राखलं म्हणून कित्येक गावांत न आवडणारी पुस्तकंही टिकली, हे त्यांचं मोठं काम आहे. म्हणून वाचनालयं नगरपालिकेच्या ताब्यात द्या, असं माझं म्हणणं नाही. चालवायचं संस्थेनेच. उपकर वेगळ्या खात्यात जमा व्हावा, त्याच गावात खर्च व्हावा, आणि तो घेणाऱ्या संस्थेने तीन गोष्टी लिहून द्याव्यात. वाचनकक्ष वर्गणीशिवाय सर्वांना खुला, वर्षाचा जमाखर्च दाराशी लावलेला, आणि नगरपरिषदेच्या सभेत जाहीर चर्चा झाल्याशिवाय इमारत विकायची नाही, पाडायची नाही. संस्थेला हे नको असेल तर तिने उपकर घेऊ नये, आपल्या देणग्यांवर चालावं. बडोद्याचा तिसरा हिस्सा मागायचा असेल तर सरकारकडेही तेवढाच मागता येईल.

डन्फर्मलिनची ती 1883ची इमारत अजून वाचनालयच आहे. 2017 साली तिला लागून नवीन भाग बांधला, त्यात संग्रहालय आणि कलादालन आलं. ब्रिटनमध्ये गेल्या पंधरा वर्षांत शेकडो वाचनालयं बंद झाली, तेव्हा कर म्हणजे अमरपट्टा नव्हे हेही तिथूनच कळतं. पण तिथे वाचनालय बंद करायचं तर निवडून आलेल्या माणसांना जाहीर सभेत हात वर करावा लागतो. आपल्याकडे ते बंद होतं तेव्हा फक्त कुलूप बदलतं.

समजा हा उपकर घरपट्टीच्या दोन टक्के ठेवला, तर वर्षाला दोन हजार रुपये घरपट्टी भरणाऱ्या घराला 40 रुपये पडतील. भाडेकरू, झोपडपट्टीतली माणसं, बाहेरगावाहून परीक्षेसाठी आलेली पोरं यांना काहीच पडणार नाही, आणि वाचनकक्षात त्यांच्याकडे पावती मागता येणार नाही. ज्यांना हे अन्यायाचं वाटतं त्यांनी नगरपरिषदेत विरोधात मत द्यावं. त्यासाठी आधी तो विषय सभेपुढे यायला हवा, आणि 1967च्या कायद्यात त्यासाठी एक कलम घालायला हवं.